ऐकण्याची यंत्रं (भाग ९) : निवडलेला क्रम राहतो कुठे?

गेल्या आठवड्यात सीडीवरच्या खाचा आणि त्या वाचणारा लेसर याविषयी लिहिलं होतं. त्यावर सोलापूरच्या एका वाचक बाईंनी प्रश्न पाठवला आहे. "आमच्या सीडी प्लेअरवर मी आवडीची सात-आठ गाणी मला हव्या त्या क्रमाने लावते. छान वाजतात. पण सीडी बाहेर काढली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून बटणं दाबावी लागतात. हा क्रम कायमचा ठेवता येत नाही का?"

येतो, पण सगळ्या यंत्रांत नाही. जिथे येतो तिथेही तो कुठे साठतो आणि किती दिवस टिकतो, हे कळलं तरच त्याचा उपयोग होतो. आजचा भाग त्यासाठीच.

सीडी ट्रेमध्ये ठेवून ट्रे आत ढकलल्यापासून पडद्यावर आकडे उमटेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्या वेळात यंत्र बरंच काम उरकतं. लेसरचं भिंग तबकडीच्या सगळ्यांत आतल्या बाजूला सरकतं, किंचित वर-खाली होत फोकस साधतं, तबकडी फिरू लागते आणि पहिल्या गाण्याच्याही आधी असलेला एक अरुंद पट्टा वाचला जातो. सीडी आतून बाहेर वाचली जाते हे मागच्या भागात आलंच आहे. म्हणून हा पट्टा मधल्या भोकाच्या बाजूला असतो. त्याला लीड-इन म्हणतात आणि त्यात तबकडीची अनुक्रमणिका असते. कोणता ट्रॅक किती मिनिटं, किती सेकंद आणि किती फ्रेमवर सुरू होतो, एवढीच तिची नोंद. फ्रेम म्हणजे सेकंदाचा ७५वा भाग. पहिला ट्रॅक कोणता, शेवटचा कोणता आणि संगीत कुठे संपतं, या आणखी तीन नोंदी. प्रत्येक नोंद लागोपाठ तीनदा लिहिलेली असते आणि पट्टा संपेपर्यंत सगळी अनुक्रमणिका पुनःपुन्हा येत राहते. त्यामुळे तिथे एखादा बारीक ओरखडा असला तरी वाचायचं काही राहून जात नाही. हे सगळं वाचून झालं की पडद्यावर '१२' आणि '५८:४१' असे आकडे येतात : एकूण गाणी बारा, एकूण वेळ ५८ मिनिटं ४१ सेकंद.

या अनुक्रमणिकेत गाण्याचं नाव नाही, गायिकेचं नाही, अल्बमचंही नाही. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून सीडीचं मानक १९८० मध्ये ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला. त्या वेळी एका तबकडीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक ठेवता येतील एवढी सोय केली गेली आणि त्यांना ओळख म्हणून फक्त क्रमांक दिले गेले. नावं साठवणारं 'सीडी टेक्स्ट' १९९६ मध्ये आलं, पण ते मोजक्याच तबकड्यांवर दिसलं.

आता प्रोग्रॅमचं बटण दाबू. तबकडी थांबलेली असताना ते दाबायचं. पडद्यावर 'प्रोग्रॅम' अशी खूण पेटते. मग ४, ७, २ असे हवे ते आकडे हव्या त्या क्रमाने दाबत जायचं. काही यंत्रांत प्रत्येक आकड्यानंतर प्रोग्रॅमचं बटण पुन्हा दाबावं लागतं, काहींत आकडा दाबला की पुरतो. नऊच्या पुढच्या ट्रॅकसाठी रिमोटवर बहुधा '१०+' असं वेगळं बटण असतं; बारावा ट्रॅक हवा तर ते दाबून मग २. अनेक यंत्रांच्या पडद्यावर १ ते २० आकड्यांची एक चौकट असते आणि निवडलेले आकडे तिथे पेटतात. त्याच वेळी शेजारी निवडलेल्या गाण्यांच्या वेळेची बेरीज वाढत जाते. चुकून नको तो आकडा दाबला गेला तर 'क्लिअर'ने शेवटचा आकडा निघतो आणि 'चेक'ने लावलेला क्रम एकेक करून पाहता येतो. हे चेकचं बटण फार उपयोगी आहे, तरी बहुतेक घरांत त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. बऱ्याच यंत्रांत असे २० ते ३२ ट्रॅक लावता येतात आणि एकच ट्रॅक दोनदाही घेता येतो.

यंत्राने या सगळ्यातून काय लक्षात ठेवलं? ४, ७, २. फक्त तेवढंच. गाण्यातला एकही स्वर त्याच्या स्मृतीत गेलेला नाही. वाजवायची वेळ आली की ते आकडा घेतं, अनुक्रमणिकेत त्याची जागा पाहतं आणि भिंग तिथे नेतं. सोलापूरच्या बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. हे आकडे त्या एका तबकडीपुरते खरे असतात. ट्रे उघडून दुसरी सीडी ठेवली की तिथला चौथा ट्रॅक वेगळाच असणार. कदाचित त्या तबकडीवर सातवा ट्रॅकच नसेल. म्हणून ट्रे उघडला की जुना क्रम टाकून देणं, हे साध्या यंत्राच्या दृष्टीने योग्यच असतं. आत आलेली सीडी मघाचीच आहे की दुसरी, हे त्याला ठरवता येत नाही.

हे ठरवू शकणारी यंत्रं मात्र लवकरच आली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलिप्सने आपल्या काही प्लेअरमध्ये 'फेव्हरिट ट्रॅक सिलेक्शन', म्हणजे थोडक्यात एफटीएस, ही सोय दिली. क्रम लावायचा, एफटीएसने साठवायचा. पुढे कधीही तीच तबकडी आत घातली की यंत्र ती ओळखायचं आणि तुमचाच क्रम वाजवायला तयार असायचं. सोनीने याच कल्पनेला 'कस्टम फाइल' असं नाव देऊन बराच विस्तार केला. त्यात प्रत्येक तबकडीसाठी निवडलेला क्रम, वगळलेले ट्रॅक आणि पडद्यावर दिसेल असं एक छोटं नाव ठेवता यायचं. नंतर एकाच वेळी २०० तबकड्या पोटात ठेवणारे सीडीपी-सीएक्स मालिकेतले मोठे चेंजर आले, तेव्हा ही सोय चैनीची राहिली नाही. दोनशेतली हवी ती तबकडी नावाशिवाय शोधणार कशी?

पण तबकडीवर नाव नाही, मग यंत्राने ती ओळखायची कशावरून? इथे त्या काळच्या अभियंत्यांनी फार सुंदर विचार केला आहे. मानकात तबकडीसाठी कॅटलॉग क्रमांकाची जागा होती, पण असंख्य तबकड्यांवर ती मोकळीच सोडलेली असे, तेव्हा तिच्यावर विसंबता येत नव्हतं. जी गोष्ट प्रत्येक तबकडीवर असतेच आणि दुसरीशी सहसा जुळत नाही, ती म्हणजे अनुक्रमणिका. बारा गाण्यांच्या बारा सुरुवाती, त्याही सेकंदाच्या ७५व्या भागापर्यंत मोजलेल्या. दोन वेगळ्या अल्बममध्ये त्या सगळ्या तंतोतंत सारख्या निघणं जवळजवळ अशक्य. ट्रॅकची संख्या, एकूण वेळ आणि सुरुवातीच्या वेळा यांवरून तबकडीची ओळख पटते. पुढे १९९०च्या दशकात संगणकांसाठी सीडीडीबी हा गाण्यांच्या नावांचा साठा उभा राहिला, त्यानेही हाच मार्ग धरला. ट्रॅकची संख्या, सेकंदांतली एकूण लांबी आणि सुरुवातीच्या वेळांतल्या अंकांच्या बेरजेवरून काढलेली एक संख्या, असं मिळून आठ अंकाक्षरांची ओळख तयार व्हायची. त्या ओळखीवरून वापरणाऱ्यांनी स्वतः टाइप करून भरलेली नावं सापडायची.

या पद्धतीतली एक अडचण आपल्याकडच्या रसिकांना विशेष जाणवेल. शास्त्रीय संगीताच्या काही सीडींवर एकच राग आणि एकच लांबलचक ट्रॅक असतो. ट्रॅक एक आणि तो दोन सेकंदांवर सुरू होणार हे ठरलेलं, तेव्हा ओळखीसाठी उरते फक्त एकूण लांबी. ५५ ते ७४ मिनिटांच्या दरम्यान सेकंद असतात जेमतेम ११४०. म्हणून सेकंदांत मोजणाऱ्या सीडीडीबीच्या पद्धतीत अशा दोन तबकड्यांची ओळख एकच निघू शकायची आणि संगणकाच्या पडद्यावर एका गायकाच्या रागावर भलत्याच कुणाचं नाव झळकायचं.

दुसरी अडचण याच्या उलट. एखाद्या अल्बमची नवी आवृत्ती निघते, गाणी तीच असतात, पण दोन गाण्यांमधली शांतता थोडी कमी-जास्त केलेली असते. कानाला फरक कळतही नाही. यंत्राच्या लेखी मात्र ती पूर्ण अनोळखी तबकडी ठरते आणि साठवलेला क्रम पुढे येत नाही. घरी काढलेल्या कॉपीचंही असंच होऊ शकतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक ट्रॅकआधी आपल्या मर्जीने दोन सेकंद घातले की पुढच्या सगळ्या सुरुवाती बदलतात. आपला जुना क्रम यंत्राने का ओळखला नाही, असा प्रश्न पडला तर आधी तबकडी तीच आहे ना, हे बघावं.

साठवायला लागणारी जागा किती, हा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आठ गाण्यांचा क्रम म्हणजे आठ आकडे, म्हणजे आठ बाइट. ओळखीसाठी आणखी चार-पाच. त्या काळी स्मृतीची चिप महाग होती आणि प्लेअरमधला मायक्रोकंट्रोलर अगदी साधा असायचा, तरीही एवढ्या जागेत शेकडो तबकड्यांचे क्रम मावणं शक्य होतं. वगळलेल्या ट्रॅकची नोंद तर त्याहून स्वस्त. वीस ट्रॅकपैकी कोणते वाजवायचे आणि कोणते नाही, यासाठी प्रत्येकी एक बिट, म्हणजे तीन बाइटसुद्धा पुरे लागत नाहीत.

या वगळण्याच्या सोयीबद्दल थोडं आग्रहाने लिहितो. सोनीच्या यंत्रांत तिला 'डिलीट बँक' म्हणत. बहुतेक लोक क्रम लावायला बसतात तेव्हा त्यांना खरं तर नवा क्रम नको असतो. दोन-तीन नावडती गाणी टाळायची असतात. अशा वेळी दहा आकडे दाबण्यापेक्षा दोन वगळणं सोपं आहेच, शिवाय अल्बम करणाऱ्याने विचारपूर्वक ठरवलेला क्रम त्यात शाबूत राहतो. भावगीतांच्या चांगल्या तबकडीत गाण्यांची रांग सहज लागलेली नसते. संथ गाण्यानंतर काय यावं, दोन एकाच स्वभावाच्या चाली शेजारी येऊ नयेत, याचा कुणीतरी विचार केलेला असतो. तो मोडायचा असेल तर मोडावा, ऐकणाऱ्याचा तो हक्कच आहे. पण आधी वगळून बघावं.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तर क्रम लावूच नये, असं माझं मत आहे. तिथे विलंबित एकतालातला बडा ख्याल आणि द्रुत तीनतालातला छोटा ख्याल असे दोन ट्रॅक केलेले असतात, पण मध्ये शांतता नसते. समेवर येऊन गायक पुढची बंदिश उचलतो, तंबोरे चालूच असतात. सरळ वाजवलं तर हा सांधा ऐकू येत नाही. प्रोग्रॅममध्ये मात्र एका ट्रॅककडून लांबच्या दुसऱ्या ट्रॅककडे जाताना भिंगाला तबकडीवर प्रवास करावा लागतो, फिरण्याचा वेगही बदलावा लागतो, कारण आतल्या बाजूला तबकडी मिनिटाला सुमारे ५०० आणि बाहेरच्या कडेला सुमारे २०० फेरे घेते. त्या सेकंद-दोन सेकंदांत तंबोरा तुटतो. आणि आधीचा बडा ख्याल टाकून नुसता द्रुत ऐकला, की तो कशातून उमलला हेच निघून जातं.

साठवलेला क्रम टिकतो किती, हा पुढचा मुद्दा. तो तबकडीवर नव्हे, यंत्राच्या आत असतो. त्यामुळे तीच सीडी शेजाऱ्यांच्या प्लेअरमध्ये घातली तर क्रमाचा मागमूसही नसतो. यंत्राच्या आत तो कशाच्या आधारावर राहतो यावर त्याचं आयुष्य ठरतं. काही प्लेअरमध्ये छोटा लिथियम सेल असतो, काहींत मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर, तर काहींत विजेशिवाय टिकणारी स्मृती. कपॅसिटर असेल तर वीज बंद झाल्यावर तो हळूहळू रिता होतो आणि त्याबरोबर क्रमही जातात. म्हणूनच चेंजरच्या माहितीपुस्तिकेत महिन्यातून एकदा तरी यंत्र चालू करा, नाहीतर साठवलेल्या फाइल पुसल्या जातील, अशी सूचना असायची. आपल्याकडे पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवायची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. मे महिन्यात गावी जाताना भिंतीवरचं बटण बंद करूनच घर सोडलं जातं. अशा घरात कपॅसिटरवर चालणारी स्मृती असेल तर परतल्यावर एकदा चालू करून क्रम तपासावेत. आणि साध्या प्लेअरमध्ये, जिथे क्रम फक्त वीज असेपर्यंत राहतो, तिथे एकदा लाइट गेले की संपलं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी दुपारी बसून वीस गाणी लावली आणि सातव्या गाण्याला लाइट गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अशा यंत्रांसाठी माझा उपाय साधा आहे. सीडीच्या डबीत पुढे जे छापील कार्ड असतं, त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकडे लिहून ठेवावेत : ४, ७, २, ११, ९. यंत्र जेवढं लक्षात ठेवतं तेवढंच आपण लिहिलं आणि ते विजेशिवाय टिकतं. घरात दोघांची आवड वेगळी असेल तर दोन ओळी लिहाव्यात.

प्रोग्रॅमच्या बटणाचा सगळ्यांत मोठा उपयोग आता विस्मरणात गेला आहे, तो म्हणजे कॅसेट भरणं. त्या काळी ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, ९०च्या कॅसेटची ४५. गाणी निवडताना पडद्यावर वाढत जाणारी बेरीज यासाठीच होती : २८ मिनिटं भरली, अजून एक छोटं गाणं बसेल का, ते बघायचं. काही यंत्रं तर कॅसेटची लांबी सांगितली की दोन बाजूंना गाणी कशी वाटायची ते स्वतःच ठरवायची आणि पहिली बाजू संपली की थांबून राहायची. 'ऑटो स्पेस' नावाचं बटण दोन गाण्यांमध्ये तीन सेकंद शांतता घालायचं, म्हणजे पुढे कॅसेट डेकला ती शांतता ओळखून गाण्यावर थांबता यावं. बाजाराच्या रस्त्यावर यादी नेऊन दिली की गाणी भरून देणारी दुकानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या बटणांची किंमत लगेच कळेल.

एमपी३ भरलेल्या सीडीचं गणित वेगळं. तिथे अनुक्रमणिकेत एकच ट्रॅक असतो आणि गाणी त्याच्या आत फाइल म्हणून असतात. बरेच प्लेअर त्या नावांच्या क्रमाने वाजवतात, काही ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने. दोन्ही बाजू सांभाळायच्या तर फाइलच्या नावाआधी आकडा घालावा आणि तोही ०१, ०२ असा, पुढे शून्य लावून. नाहीतर १० नंबरचं गाणं २च्या आधी वाजतं.

आणि ज्यांना आपला क्रम कुठल्याही प्लेअरवर, कुणाच्याही घरी वाजायला हवा आहे, त्यांनी कोरी सीडी-आर घेऊन तो क्रम तबकडीवरच लिहावा. आपल्याच तबकड्यांमधून गाणी घ्यायची, संगणकावर क्रम लावायचा आणि एमपी३ची डेटा सीडी न करता ऑडिओ सीडी करायची. तेव्हा अनुक्रमणिकाच आपली तयार होते आणि मग कुणाच्या स्मृतीवर अवलंबून राहावं लागत नाही. कोऱ्या तबकडीवर ७४ किंवा ८० मिनिटं मावतात. सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क-ॲट-वन्स' ही पद्धत निवडली की गाण्यांमधली शांतता आपल्याला हवी तेवढी, अगदी शून्यही ठेवता येते. मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर हीच पद्धत वापरावी. 'ट्रॅक-ॲट-वन्स'मध्ये प्रत्येक ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची फट पडते. शेवटी तबकडी 'फायनलाइझ' करायला विसरू नये. ते केल्याशिवाय लीड-इनमध्ये अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही आणि साधा प्लेअर अशी तबकडी नाकारतो. पुनःपुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू या कामासाठी टाळावी. ती छापील सीडीच्या मानाने फारच कमी प्रकाश परत पाठवते, त्यामुळे जुने प्लेअर ती वाचत नाहीत.

तयार तबकडीवर नाव लिहायला सीडीसाठी मिळतो तो मऊ टोकाचा मार्करच घ्यावा. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक माहितीचं रक्षण करतं, पण नावाच्या बाजूला माहितीवर लाखेसारखा अगदी पातळ थर असतो. बॉलपेनच्या टोकाने तो दबला की नेमकं त्याखालचं गाणं अडखळायला लागतं. कागदी लेबलही चिकटवू नये. ते जरा जरी एका बाजूला गेलं तरी फिरताना तबकडीचा तोल जातो.

(पुढील भागात : कॅसेट डेकमधले डॉल्बीचे बटण नेमके काय करते?)